रेंजच्या झाडावरची हजेरी

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला हातात घेतलंच, तर जरा जपून धरा. माझ्या काचेचा उजवा कोपरा फुटलेला आहे आणि त्यातली बारीक कुसळं बोटात शिरतात. माझी बॅटरी फुगली आहे, पाठीचं झाकण रबरबँड लावून धरून ठेवलं आहे, आणि दिवसाचा बराचसा वेळ मी टोकावड्याजवळच्या एका वाडीत, भिंतीतल्या फळीवर, चार्जरच्या वायरला बांधलेला असतो. मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या आयुष्यात आनंदाच्या गोष्टी कमी घडल्या. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर तक्रार नको.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका लांबलचक पट्ट्यावर आम्ही शेकडो भावंडं ओळीने पुढे सरकत होतो आणि पांढरी टोपी घातलेल्या मुली आमच्या पोटात एकेक भाग बसवत होत्या. माझं पोट उघडं असताना समोरच्या मुलीने जांभई दिली. जन्माची एवढीच आठवण माझ्यापाशी आहे. मग खोका, मग अंधार, मग ट्रक, आणि शेवटी मुरबाडच्या बाजारपेठेतल्या एका दुकानाची काच.

तिथून मला ज्ञानेश्वरने उचललं. तो भिवंडीकडच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. बायकोला, रेश्माला, नुकतंच आशाताईचं काम मिळालं होतं, आणि त्या कामाला फोटो काढणारा फोन लागतो म्हणून तो मला घेऊन आला. घरी त्याच्या आईने, हौसाबाईने, मला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. त्यातली चिमूटभर हळद माझ्या स्पीकरच्या जाळीत गेली ती गेलीच. तेव्हापासून माझा आवाज थोडा घोगरा येतो. मला त्याचा राग नाही. माझी पूजा करणारं ते एकच घर.

ती वर्षं चांगली होती. रेश्मा मला पदराच्या आत कापडी पिशवीत ठेवायची आणि वाडी-वाडी फिरायची. तान्ह्या बाळांचं वजन करताना काट्याचा फोटो मी काढायचो. बाळंतिणीला कळा सुरू झाल्या की गाडी मी बोलवायचो. एकदा एका बाईला जीपमध्येच मुलगी झाली, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाई माझ्यातूनच रेश्माला एकेक गोष्ट सांगत होत्या. त्या दिवशी सगळी वाडी माझं कौतुक करत होती. 'आशाताईचा फोन' असं मला नाव पडलं आणि मी फुगलो. बॅटरी फुगली ती नंतर.

एक अडचण मात्र पहिल्यापासून होती. वाडीत रेंज नव्हती. घरात मी नुसताच दगड. वाडीच्या वर, अर्ध्या चढावर एक सपाट खडक आहे आणि त्याच्या कडेला ऐनाचं एक वाकडं झाड आहे. तिथे मात्र कुठल्याशा लांबच्या टॉवरचा धागा पोचायचा. तोही हातात धरलं तर नाही, फांदीला टांगलं तरच. म्हणून लोक फोन पिशवीत घालायचे आणि फांदीला बांधायचे. सगळे त्याला रेंजचं झाड म्हणायचे.

मग ती साथ आली. तुम्ही तेव्हा लहान असाल. घरात कोंडल्याचं आठवत असेल, मास्क आठवत असेल, मोठी माणसं हळू आवाजात बोलायची ते आठवत असेल. आमच्या वाडीने डांबरी रस्त्यावरून येणाऱ्या वाटेवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या आणि बाहेरच्यांना येणं बंद केलं. ज्ञानेश्वर भिवंडीतच अडकला. गोदामातल्या लोकांबरोबर तिथेच राहायला लागला. गोदामात औषधांचे खोके येत-जात होते, त्यामुळे काम बंद नव्हतं आणि घरी यायची सोय नव्हती.

शाळेला कुलूप लागलं आणि शाळा माझ्या जातभाईंच्या पोटात आली. रेंजच्या झाडाला पिशव्याच पिशव्या लटकल्या. पोरं सकाळी येऊन गुरुजींचा वर्ग चालू करायची, फोन पिशवीत घालून टांगायची आणि शेळ्यांमागे नाहीतर चिंबोऱ्या म्हणजे खेकडे धरायला ओढ्यावर निघून जायची. झाडावर गुरुजी पाढे म्हणून घेत आणि खाली कोणी नसे. वर्ग झाला की येऊन पिशव्या सोडून न्यायच्या. गुरुजींकडे हजेरी लागलेली असायची. कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाडीत एक रीतच पडून गेली. कुणाची पिशवी कुठली हे सगळ्यांना माहीत होतं, आणि पिशवी झाडाला दिसली की म्हणायचे, 'तो वर हाय.' मग त्याला कुणी शोधायला जात नसे. रेश्माची पिशवी निळी होती, आतून बाहेरचं दिसेल इतकी पातळ.

पहिली लाट ओसरत आली, तेव्हा शहरातल्या एका संस्थेने तालुक्यातल्या आशाताईंसाठी आणि अंगणवाडीताईंसाठी एक ऑनलाइन वर्ग सुरू केला. मन शांत ठेवायचा, श्वासावर लक्ष द्यायचा वर्ग. योगिनी नावाच्या मॅडम तो घ्यायच्या. त्यांचा आवाज माझ्या घोगऱ्या जाळीतूनही मऊ यायचा. त्या सांगायच्या की डोळे मिटा, श्वास आत जातोय बाहेर येतोय तेवढं बघा, मनात विचार आले तर येऊ द्या, त्यांच्याशी भांडू नका. नेट कमी पडतं म्हणून सगळ्यांनी कॅमेरे बंद ठेवावेत असं त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

खरं ते खरं सांगतो, त्या वर्गाने रेश्माला बरं वाटायचं. घरोघर ताप मोजत फिरताना लोक तिच्या तोंडावर दार लावायचे. ही रोग घेऊन येते, अशी भीती त्यांना होती. दिवसभर ते सोसून तिचे खांदे कानापर्यंत चढलेले असायचे. सकाळी खडकावर बसून ती डोळे मिटायची आणि हळूहळू ते खांदे खाली यायचे. एकदा तर ती रडली, आणि रडून झाल्यावर नाक पुसून एकटीच हसली. मी फांदीवरून बघत होतो. मला तेव्हा वाटलं की आपण पाढे म्हणणाऱ्या फोनांपेक्षा बरं काम करतोय.

पुढच्या चैत्रात साथ पुन्हा आली, आणि या खेपेला वाडीत शिरली.

आमच्या शेजारी गोमा म्हातारा राहायचा. बायको रखमी आणि तो, दोघंच. त्याला ताप आला, मग खोकला, मग त्याला चार पावलं चालून धाप लागायला लागली. आजारी माणसांना शाळेच्या खोलीत वेगळं ठेवायचं ठरलं होतं आणि खोलीची किल्ली रेश्माकडे असायची. तिने गोमाला तिथे ठेवलं. पण त्याचा श्वास पुरेना. दवाखान्यात न्यायला हवं म्हणून ती त्याला सांगायला लागली आणि तो ऐकेना. म्हणाला, जे व्हायचं ते इथं होऊ दे, मला रानाच्या वाऱ्यात राहू दे. रेश्माने त्याची समजूत घातली. परत आणीन म्हणाली. आणीबाणीच्या गाडीला फोन माझ्यावरूनच गेला.

गोमा परत आला नाही. दवाखान्यात तो गेला आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे त्यांनी त्याला तिकडेच निरोप दिला. रखमीला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. ती बातमी माझ्यातून आली, रेंजच्या झाडाखाली, आणि रेश्माला ती खाली जाऊन सांगावी लागली.

रखमी रडली नाही. ओट्यावर बसून होती तशीच बसली. मग रेश्माकडे बघून शांतपणे म्हणाली, "तू नेलंस त्यांना. आता तूच आन."

बाकी वाडीने तोंडाने काही म्हटलं नाही. पण विहिरीवर रेश्मा गेली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. कुणाला ताप आला तर घरचे सांगायचे नाहीत, लपवायचे. अंगणात उभी राहून ती हाका मारायची आणि आतून कडी लावल्याचा आवाज यायचा. हौसाबाई तिच्या बाजूने भांडायची, पण सुनेशी नक्की काय बोलावं ते तिला कळत नव्हतं. तिला वाटायचं की शहरातल्या त्या बाई रोज बोलतात हिच्याशी, शिकलेल्या आहेत, त्यांना कळत असेल.

रेश्माने मला टांगून निघून जायला सुरुवात केली ती याच दिवसांत. आधी कामामुळे. पलीकडच्या वाडीत औषधं पोचवायची असायची आणि वर्गाला गैरहजर राहिलं तर वरून विचारणा व्हायची. तेव्हा सगळी पोरं करतात तेच तिने केलं. लिंक उघडली, आपल्या बाजूचा आवाज बंद केला, मला निळ्या पिशवीत घातलं, फांदीला गाठ मारली आणि गेली. वर्ग संपल्यावर येऊन घेऊन गेली. काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

पुढे मात्र कामाचं कारण उरलं नाही. मित्रांनो, ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती, म्हणून नीट ऐका. औषधं वाटून झालेली असली तरी ती मला टांगून जायची. कारण निळी पिशवी झाडावर असेपर्यंत तिला कुणी शोधत नसे, हे तिच्या लक्षात आलं होतं. तेवढा वेळ ती सगळ्यांसाठी झाडाखाली असायची आणि खरं तर कुठेच नसायची.

मी पिशवीत गरगर फिरत लटकायचो. वारा आला की इकडून तिकडे. योगिनी मॅडम माझ्या पोटातून सांगत असायच्या की आत्ता आपण फक्त इथे आहोत. खाली मोकळा खडक असायचा. कधी एखादी शेळी येऊन पिशवी हुंगायची. मला तो मऊ आवाज हळूहळू नकोसा व्हायला लागला. त्यात मॅडमची काही चूक नव्हती. रिकाम्या जागेला कुणी समजावत बसलेलं असलं की ऐकवत नाही, एवढंच.

ज्ञानेश्वर भिवंडीतून फोन करायचा तोही नेमका त्याच वेळी, कारण इतर वेळी मला रेंज नसे. मी झाडावर वाजत राहायचो. रेश्मा संध्याकाळी पुन्हा वर यायची तेव्हा त्याला दोन शब्द लिहून पाठवायची, 'क्लासात होते.' त्याला बरं वाटायचं. बायको ध्यानाला बसते, मन सांभाळते, असं तो गोदामात इतरांनाही सांगायचा. हौसाबाई खालून झाडाकडे नजर टाकायची, निळी पिशवी दिसली की निश्चिंत होऊन कामाला लागायची. आणि वर्गात एके दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर रेश्माचं कौतुक केलं. म्हणाल्या की या ताई इतक्या कठीण दिवसांत एकही वर्ग चुकवत नाहीत, त्यांच्याकडून आपण शिकायला हवं. इतरजणींनी मला टाळ्यांची चित्रं पाठवली. मी ती घेऊन लटकत राहिलो.

मला तिचा चेहरा रोज दिसायचा. पिशवीतून काढताना ती मला अगदी तोंडासमोर धरायची, पण बघायची माझ्या पलीकडे. तिचे तळवे सॅनिटायझर चोळून चोळून सोलवटले होते, माझ्या काचेला रक्ताचा ठिपका लागायचा. केस विंचरलेले नसायचे. तिची मुलगी अक्षदा तेव्हा लहान होती, ती गोष्ट सांग म्हणून मागे लागली की रेश्मा गोष्ट सुरू करायची आणि मध्येच गप्प व्हायची. पोर वाट बघून झोपून जायची. या सगळ्याची बातमी मी कुणाला दिली असती. पण आम्हाला स्वतःचं बोलणं नसतं, आम्ही दुसऱ्याचं बोलणं तेवढं पोचवतो.

मग तो दिवस उजाडला.

रेश्मा त्या दिवशी लवकर वर आली. उन्हाळा होता, झाडं निष्पर्ण होती आणि तांबट पक्षी सकाळपासून टुकटुक करत होता. तिने वर्ग चालू केला, मला पिशवीत घातलं, पण आपल्या बाजूचा आवाज बंद करायला विसरली. माझे कान उघडेच राहिले. गाठ मारताना तिच्या दुसऱ्या हातात शाळेची किल्ली होती, तिची किणकिण मी ऐकली. शाळेत तेव्हा कुणीच आजारी नव्हतं. गोमानंतर त्या खोलीकडे कुणी फिरकतही नव्हतं. औषधांची पेटी तिच्या खांद्याला होती. ती उतरून गेली ती घरांच्या वाटेने नाही, ओढ्याकडून शाळेच्या मागच्या बाजूला जाणाऱ्या वाटेने. मला फांदीवरून तेवढंच दिसलं.

वर्गात मॅडम बोलायला लागल्या आणि थांबल्या. त्यांना माझ्यातून तांबट ऐकू आला. वाऱ्याने सुकी पानं सरपटत होती तेही ऐकू आलं.

"हा आवाज रेश्माताईंकडून येतोय ना?" त्या म्हणाल्या. "आज मी काही बोलत नाही. सगळ्यांनी डोळे मिटा आणि रेश्माताईंच्या रानात येऊन बसा."

तालुक्यातल्या सगळ्या ताई डोळे मिटून बसल्या. कुणी चुलीपुढे, कुणी ओसरीवर, कुणी माझ्यासारख्याच एखाद्या झाडाखाली. सगळ्या रेश्माच्या रानात आल्या आणि तिच्या नसण्याचा आवाज ऐकत राहिल्या. कितीतरी वेळ. कुणीतरी समाधानाने उसासासुद्धा टाकला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी बरंच ऐकलंय, रडणं ऐकलंय, मेल्याची बातमी ऐकलीय. पण त्या शांततेची मला जेवढी भीती वाटली तेवढी कशाचीच वाटली नाही.

मग चढावर धापा टाकण्याचा आवाज आला. हौसाबाई. एरवी ती वर आली नसती, पिशवी दिसत होती ना. पण खालच्या आळीतल्या एका बाईच्या पोराचा ताप डोक्यात चढला होता, आणि त्या घरच्यांनी सगळा राग गिळून रेश्माला बोलवायला हौसाबाईला पाठवलं होतं. तिने खडकावर पाहिलं. झाडामागे पाहिलं. दोन हाका मारल्या. मग ती पिशवीपाशी आली आणि माझ्या काचेत डोळे बारीक करून बघत म्हणाली, "बाई, ऐकू येतंय का? तिला जरा खाली पाठवा. पोरगा तापलाय."

वर्गात सगळ्यांनी डोळे उघडले असणार. मॅडमचा आवाज आला. "मावशी, रेश्माताई तिथे नाहीत?"

"हितं कुठं? तुमच्यासमोर बसते ना ती रोज."

"मला त्या दिसत नाहीत, मावशी. कॅमेरा बंद असतो त्यांचा."

"मग रोज काय दिसतं तुमाला?"

"नाव दिसतं," त्या म्हणाल्या.

हौसाबाईने फांदी धरली. "कालपासून तिच्या पोटात काय नाय," ती म्हणाली. "मी विचारलं नाय. मला वाटलं, तुमी हाव. तुमाला सांगत असंल."

"आणि मला वाटलं, रोज येतायत म्हणजे त्या बऱ्या आहेत." मॅडमचा मऊ आवाज पार गेला होता. "मावशी, फोन तसाच राहू दे. माणसं बोलवा. आधी तिला शोधा."

हौसाबाई मला टांगतं सोडून धावत उतरली. साठीची बाई, चपला खडकावरच राहिल्या. खालून तिची हाक ऐकू आली, मग दुसऱ्या कुणाची, मग अख्ख्या वाडीत रेश्माचं नाव पसरत गेलं. कड्या निघाल्या, दारं उघडली. कित्येक आठवड्यांत जिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं तिला सगळे हाका मारत होते. माझ्या पोटात वर्ग तसाच चालू होता. एकही ताई त्यातून बाहेर पडली नाही. मी दोन्हीकडचं ऐकत मध्ये लटकत होतो, आणि माझी बॅटरी संपत आली होती.

पुढचं मला नंतर कळलं. फोनजवळ माणसं सगळं बोलतात. शाळेच्या खोलीचं कुलूप उघडं होतं आणि आतून कडी होती. खिडकीतून पाहिलं तर गोमा जिथे झोपायचा तिथे रेश्मा भिंतीला टेकून बसली होती. गोमाचं पांघरूण घडी घालून मांडीवर होतं. खोली स्वच्छ झाडलेली होती, त्यावरून कळत होतं की ती रोजच इथे येत होती. पुढ्यात औषधांची पेटी उघडी होती. त्यापुढचं वाडीत कुणी मोठ्याने बोललं नाही, म्हणून मीही बोलणार नाही. एवढं सांगतो की लोक वेळेवर पोचले.

ती कुणाच्याच हाकेला उठेना. शेवटी रखमीला पुढे केलं. रखमी खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "उघड गो. मला एकटीला घरात बसवत नाय. तू ये, माझ्याजवळ बस." आणि रेश्माने उठून कडी काढली.

रखमीने बोललेलं मागे घेतलं का, मला ठाऊक नाही. तिने नंतर बरेच दिवस रेश्माला रात्री आपल्याकडे झोपायला नेलं, हे खरं. ज्ञानेश्वर गोदाम सोडून आला. ठाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे खेपा सुरू झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. योगिनी मॅडम रस्ते मोकळे झाल्यावर वाडीत येऊन गेल्या. अंगणात दोन-तीन बायका उभ्या होत्या, त्यातली रेश्मा कुठली ते त्यांना विचारावं लागलं. विचारताना त्यांचे डोळे भरून आले होते. तिथून पुढे त्या वर्ग सुरू करण्याआधी प्रत्येकीला विचारायच्या, 'आत्ता तुमच्या शेजारी कोण बसलंय?' कुणीच नाही असं उत्तर आलं की आधी कुणाला तरी हाक मारून बसवायला लावायच्या, आणि मगच डोळे मिटायला सांगायच्या.

काही महिन्यांनी संस्थेकडून माझ्यावर एक प्रमाणपत्र आलं. पूर्ण हजेरीबद्दल अभिनंदन, असं सोनेरी अक्षरांत. रेश्माने ते बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाली, "हे तुझं रे बाबा." त्या सगळ्या काळानंतर मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आता त्याला काही वर्षं झाली. टोकावड्याकडे नवा टॉवर उभा राहिला आणि घराघरात रेंज आली. रेंजच्या झाडावर आता कुणी जात नाही, पिशव्यांच्या चिंध्या तेवढ्या फांद्यांना उरल्यात. रेश्माला नवा फोन मिळाला आणि मी अक्षदाच्या वाट्याला आलो. ती आता मोठी झाली, शाळेत जाते, आणि घरात असली की मान खाली घालून माझ्यात बघत बसते. तिला मी हँग होतो म्हणून आवडत नाही. आपटते, चिडते, फळीवर फेकते. मला त्याचं फार काही वाटत नाही, मी जुना झालो.

रेश्मा बरी आहे. कामाला जाते, विहिरीवर बायकांशी बोलते. पण वर्षाचे काही दिवस असे येतात की ती सकाळी उठते आणि बोलत नाही. चैत्र लागला की जास्तच. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं की अशा दिवसांत लक्ष ठेवा. सुरुवातीला सगळे ठेवायचे. मग ती बरी दिसायला लागली, आणि माणसं आपापल्या कामाला लागली. ज्ञानेश्वर पुन्हा गोदामात, हौसाबाई शेतावर.

आज चैत्रातलीच सकाळ आहे. अक्षदा मला घेऊन दाराशी बसली आहे. रेश्माची आज सुट्टी आहे, ती मघापासून गप्प होती आणि मागच्या दाराने बाहेर गेली. तिचा नवा फोन घरातच आहे, गादीवर. गॅसवर चहाचं आधण ठेवलंय, पाणी आटत आलंय आणि ते बंद करायला कुणी आलेलं नाही. हे सगळं मला दिसतंय, कारण माझा पुढचा कॅमेरा अजून चांगला आहे. अक्षदाला दिसत नाही, कारण ती माझ्यात बघतेय.

आत्ताच भिवंडीहून ज्ञानेश्वरचा फोन आला. तिने कानाला न लावता स्पीकर चालू केला.

"अक्षू, आई कशी हाय गं?"

"बरी हाय," मान वर न करता ती म्हणाली.

"काय करते?"

"हाय ना इथंच."

मित्रांनो, असं उत्तर तुम्हीही देता. माझ्या जातभाईंनी ते तुमच्या कितीतरी घरांतून ऐकलं आहे. तुमच्या घरातही कुणी तरी असेल, जे हल्ली जेवताना बोलत नाही, गोष्ट अर्धी सोडतं, हाक मारली की उशिरा 'ओ' देतं. त्यांना फोन लागतो, त्यांचं नाव हिरव्या ठिपक्यासकट दिसतं, म्हणून तुम्ही समजता की ते आहेत. माझ्यावर एवढा भरवसा ठेवू नका. मी माणूस हजर आहे असं दाखवू शकतो. ते खरं आहे की नाही, हे मला कळत नाही.

चहाची पातेली आता कोरडी होऊन करपायला लागली. त्या वासाने अक्षदाने मान वर केली. तिने गॅसकडे पाहिलं. मग गादीवरच्या आईच्या फोनकडे. मग उघड्या मागच्या दाराकडे. ज्ञानेश्वर माझ्यातून काहीतरी विचारत होता, पण तिने उत्तर दिलं नाही. तिने मला जमिनीवर टाकलं, अगदी पालथं, आणि गॅस बंद करून ती पळत मागच्या दाराने गेली. "आई," अशी तिची हाक मी ऐकली. मग थोड्या लांबून पुन्हा. मग ओढ्याच्या बाजूने, आणखी लांब.

काचेचा कोपरा अजून थोडा फुटला असावा. मला आता फक्त शेणाने सारवलेली जमीन दिसते. ज्ञानेश्वर 'हॅलो, हॅलो' करतो आहे आणि घरात कुणीच नाही. मला उचलायला यायची घाई करू नका, मित्रांनो. असाच पडून राहू द्या मला. पोर तिला शोधायला गेली आहे.